लॅपटॉप-डेस्कटॉपच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सची तुलना: कोणत्या क्रमाने काय तपासायचं

दोन कॉम्प्युटर पसंत पडलेले असतात, दोन्हींत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. मग लोक दोन ग्राफिक्सची नावं एखाद्या तुलनेच्या साइटवर टाकतात आणि जिथे आकडा मोठा दिसतो ते मशीन घेऊन टाकतात. घरी आल्यावर गेम अडखळतो, एडिटिंगची टाइमलाइन पुढे सरकत नाही, आणि दोष चिपला दिला जातो. बहुतेक वेळा चिपचा काही दोष नसतो. तुलनेचा क्रमच उलटा झालेला असतो.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर स्वतःची मेमरी असते आणि त्याचा विजेचा वाटाही वेगळा ठरलेला असतो. प्रोसेसरच्या आत बसलेल्या, म्हणजे इंटिग्रेटेड, ग्राफिक्सकडे यातलं काहीच स्वतःचं नसतं. मेमरी म्हणून ते कॉम्प्युटरची रॅम वापरतं, आणि वीज व थंडावा प्रोसेसरच्या कोअर्सबरोबर वाटून घेतं. त्यामुळे एकाच नावाचं ग्राफिक्स दोन मशीनमध्ये दोन वेगळ्या चिप वाटाव्यात इतकं वेगळं चालू शकतं. म्हणून आधी काम, मग नेमकी चिप, मग रॅम, मग वॅट, आणि चाचण्यांचे आकडे सर्वांत शेवटी.

## तयारी: आधी कागद भरा

प्रत्येक मशीनसाठी एवढ्या गोष्टी लिहून काढा:

- प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरासकट
- रॅमचा प्रकार, वेग, किती स्टिक आहेत की बोर्डवरच सोल्डर केलेली आहे
- लॅपटॉप असेल तर प्रोसेसरला सलग किती वॅट मिळतात
- स्क्रीनचं रिझोल्यूशन
- बाहेरच्या मॉनिटरसाठी कोणते पोर्ट

विक्रीच्या पानावर नुसतं ‘कोअर आय७, १६ जीबी’ एवढंच असेल, तर त्या मशीनची तुलना अजून सुरूच होऊ शकत नाही. उत्पादकाच्या साइटवरचं सविस्तर माहितीचं पान उघडा किंवा विक्रेत्याला विचारा. रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, अंदाजाने भरू नका. पुढची सगळी गडबड या अंदाजांतूनच होते.

## टप्पा १: काम ठरवा आणि अर्धी तुलना वगळा

ऑफिसची कामं, ब्राउझर, ऑनलाइन मीटिंग, सिनेमे एवढंच असेल तर ग्राफिक्सच्या ताकदीवर वेळ घालवू नका. सध्याची साधी चिपही हे आरामात करते. तुम्ही थेट टप्पा ६ वर जा. तुमच्यासाठी व्हिडिओ कोणत्या स्वरूपात चालतो आणि मॉनिटर किती जोडता येतात, हे जास्त महत्त्वाचं आहे.

व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी टप्पा ६ आधी वाचावा, मग बाकीचे. गेम खेळणाऱ्यांना सगळे टप्पे लागतील.

सावधान: तुमचं सॉफ्टवेअर कूडा (ग्राफिक्सकडून हिशेबाची कामं करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली) मागत असेल तर ते फक्त एनव्हिडियाच्या ग्राफिक्सवर चालतं. अशा वेळी दोन इंटिग्रेटेड ग्राफिक्सची तुलना करून काहीच हाती लागणार नाही. थ्रीडी, सिम्युलेशन किंवा मशीन लर्निंगची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ही अट सर्वांत आधी तपासावी.

मॅक किंवा स्नॅपड्रॅगन एक्सचा लॅपटॉप यादीत असेल तर आणखी एक प्रश्न आधी सोडवा: तुमचा गेम, तुमचं सॉफ्टवेअर तिथे चालतं का? स्नॅपड्रॅगनवर विंडोजचे बहुतेक गेम एमुलेशनमधून (दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरच्या आज्ञांचं भाषांतर करून) चालतात आणि काही चालतच नाहीत. या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ग्राफिक्सचा आकडा कितीही मोठा असो, तुमच्या उपयोगाचा नाही.

## टप्पा २: चिपची नेमकी ओळख पटवा

सर्वांत जास्त फसगत इथे होते. मॉडेल नंबरमधला एक आकडा किंवा शेवटचं एक अक्षर सगळं बदलून टाकतं.

लॅपटॉपमधलं एएमडीचं उदाहरण घ्या. रायझन ७ ७७३०यू आणि रायझन ७ ७७३५यू ही नावं शेजारी ठेवली तर फरक चटकन दिसत नाही. पहिल्यात जुनं व्हेगा ग्राफिक्स आहे, ८ कंप्यूट युनिटचं (युनिट म्हणजे ग्राफिक्समधला काम करणारा एक गट). दुसऱ्यात रेडिऑन ६८०एम आहे, १२ कंप्यूट युनिटचं आणि पुढच्या पिढीचं. रायझन ७ ७८४०यू मध्ये त्याच्याही पुढचं ७८०एम येतं. रायझन ५ ७५२०यू मध्ये मात्र फक्त २ कंप्यूट युनिटचं ६१०एम आहे. चारही ‘७००० मालिका’ म्हणूनच विकले गेले. या मालिकेत नंबरातला तिसरा आकडा प्रोसेसरच्या कोअर्सची खरी पिढी सांगतो, पण ग्राफिक्स त्यावरून ठरवू नका: ७७३० आणि ७७३५ मध्ये तो सारखाच आहे.

इंटेलकडे कोअर अल्ट्रा ७ १५५एच मध्ये ८ एक्सई कोअरचं (इंटेलची युनिट) आर्क ग्राफिक्स आहे, तर कोअर अल्ट्रा ७ १५५यू मध्ये त्याच्या निम्मे, म्हणजे ४. आयरिस एक्सई एकाच नावाने ८० आणि ९६ एक्झिक्युशन युनिट अशा दोन आकारांत येतं. आय५-११३५जी७ मध्ये ८० आहेत, आय७-११६५जी७ मध्ये ९६.

डेस्कटॉपवर पहिला प्रश्न असा की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे तरी का. इंटेलच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर ते चालू नाही. एएमडीच्या ७५००एफ, ८७००एफ यांचंही तेच. रायझन ५ ५६००एक्स मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये ७ कंप्यूट युनिटचं आहे.

सावधान: महाग प्रोसेसर म्हणजे जोरदार इंटिग्रेटेड ग्राफिक्स, हे समीकरण सोडून द्या. रायझन ९ ७९५०एक्स मध्ये २ कंप्यूट युनिट आहेत, स्क्रीनवर चित्र दिसावं एवढ्यापुरते. त्याच्या खालच्या पायरीवरच्या रायझन ५ ८६००जी मध्ये ८ आहेत. लॅपटॉपच्या ‘एचएक्स’ अक्षरं असलेल्या बऱ्याच प्रोसेसरचंही असंच आहे. सोबत वेगळं कार्ड असेलच असं धरून ते बनवलेले असतात, म्हणून आतलं ग्राफिक्स छोटं ठेवतात.

तपासा: इंटेल किंवा एएमडीच्या साइटवर त्या नेमक्या प्रोसेसरच्या पानावर ग्राफिक्सचं नाव आणि युनिटची संख्या मिळते. ती कागदावर उतरवली की पुढे जा.

## टप्पा ३: युनिटचे आकडे फक्त एकाच घराण्यात जुळवा

६८०एम विरुद्ध ६६०एम, म्हणजे १२ विरुद्ध ६ कंप्यूट युनिट, ही तुलना चालते. ९६ एक्झिक्युशन युनिट विरुद्ध १२ कंप्यूट युनिट ही चालत नाही, कारण दोन्ही कंपन्या वेगळ्या गोष्टी मोजतात. आयरिस एक्सईची ९६ युनिट आणि ७८०एमची १२ युनिट सुटी करून मोजली तर दोन्हीकडे ७६८ शेडर (हिशेब करणारे सर्वांत छोटे भाग) निघतात. तरी गेममध्ये ७८०एम बरंच पुढे असतं. त्याचा क्लॉक (चिप चालण्याचा वेग) जास्त आहे आणि रचनाही नवी आहे.

टेराफ्लॉप्सचंही, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी हिशेब होतात त्या आकड्याचंही, तसंच. ७८०एम २.७ गिगाहर्ट्झवर चालतं असं धरा. ७६८ गुणिले २ गुणिले २.७ केलं की साधारण ४.१ टेराफ्लॉप्स येतात. पण एएमडीच्या या रचनेत काही प्रकारच्या आज्ञा एका वेळी दोन-दोन पार पडू शकतात, म्हणून अनेक ठिकाणी याच चिपचा आकडा ८.३ किंवा त्याहून मोठा छापलेला दिसतो. प्रत्यक्ष गेममध्ये तो दुप्पट वेग मिळत नाही. दोन पिढ्यांचे टेराफ्लॉप्स शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका.

## टप्पा ४: रॅमचा हिशेब करा

एकच टप्पा नीट करायला वेळ असेल तर हा करा. इंटिग्रेटेड ग्राफिक्सची गाडी बहुतेक वेळा रॅमच्या वेगापाशी अडते.

हिशेब असा: रॅमचा वेग गुणिले बसची (रॅम आणि प्रोसेसरमधल्या रस्त्याची) रुंदी बिटमध्ये, भागिले ८. उत्तर एमबी प्रति सेकंदात येतं, त्याला १००० ने भागलं की जीबी.

- डीडीआर४-३२०० (रॅमचा प्रकार आणि वेग), एक चॅनेल (रस्त्याची एक मार्गिका), ६४ बिट: २५.६ जीबी प्रति सेकंद
- तीच रॅम, दोन चॅनेल, १२८ बिट: ५१.२
- डीडीआर५-५६००, दोन चॅनेल: ८९.६
- एलपीडीडीआर५एक्स-७५००, १२८ बिट: १२०

पहिल्या दोन ओळी पुन्हा बघा. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच, रॅमही तेवढीच जीबी. फक्त १६ जीबीच्या एका स्टिकऐवजी ८-८ च्या दोन लावल्या आणि ग्राफिक्सपर्यंत पोचणारा रस्ता दुप्पट रुंद झाला. गेममध्ये याचा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. एवढा फायदा करून देणारा दुसरा सोपा बदल मला माहीत नाही.

इंटेलने तर हे नावातच बांधून टाकलं आहे. आयरिस एक्सई असलेल्या लॅपटॉपमध्ये एकच चॅनेल चालू असेल तर विंडोजमध्ये ‘यूएचडी ग्राफिक्स’ असं नाव दिसतं. कोअर अल्ट्राच्या १५५एच सारख्या चिपमध्येही दोन चॅनेल आणि किमान १६ जीबी नसतील तर ‘आर्क’ऐवजी नुसतं ‘इंटेल ग्राफिक्स’ येतं. नाव बदललेलं दिसलं तर चिप नकली आहे असं समजू नका, आधी रॅमची जोडणी बघा.

लॅपटॉप आणि डेस्कटॉप एकमेकांसमोर ठेवताना बरेच जण इथेच घसरतात. ७८०एम हे ग्राफिक्स डेस्कटॉपच्या रायझन ७ ८७००जी मध्ये आहे आणि लॅपटॉपच्या ७८४०यू मध्येही. डेस्कटॉप जास्त वेगवान असणार, असं गृहीत धरलं जातं. पण ८७००जी ची अधिकृत रॅम डीडीआर५-५२०० आहे, म्हणजे ८३.२ जीबी प्रति सेकंद. सोल्डर केलेल्या ७५०० च्या रॅमवर लॅपटॉपला १२० मिळतात. डेस्कटॉपकडे वॅट जास्त, लॅपटॉपकडे मेमरीचा रस्ता रुंद. ८७००जी ला वेगवान रॅम लावली तरच त्याच्या वॅटचा पुरा उपयोग होतो.

नुसती युनिट वाढवून भागत नाही, तेही इथेच कळतं. रेडिऑन ८९०एम मध्ये १६ युनिट आहेत, ७८०एम पेक्षा एक तृतीयांश जास्त. पण रॅम तेवढ्याच वेगाची असेल तर फ्रेम्स (गेम दर सेकंदाला दाखवतो ती चित्रं) त्या प्रमाणात वाढत नाहीत. एएमडीने रायझन एआय मॅक्स+ ३९५ मध्ये ४० युनिटचं ८०६०एस बसवलं, तेव्हा बसही २५६ बिटची केली. ८००० च्या रॅमवर तिथे २५६ जीबी प्रति सेकंद मिळतात. त्याशिवाय ती ४० युनिट रिकामीच बसली असती.

नेहमीच्या चुका:

डीडीआर५ ची एक स्टिक आतून ३२-३२ बिटच्या दोन भागांत विभागलेली असते. म्हणून एकच स्टिक असतानाही काही सॉफ्टवेअर ‘दोन चॅनेल’ दाखवतात. एकूण बिट मोजा: ६४ म्हणजे एकेरी, १२८ म्हणजे दुहेरी.

डेस्कटॉपवर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक शेजारी-शेजारी लावू नका. सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बोर्डच्या माहितीपत्रकात चित्र दिलेलं असतं, तेच प्रमाण माना.

रॅमच्या पाकिटावर ६००० लिहिलेलं आहे म्हणून ती ६००० वर चालेलच असं नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा छापील वेग लागू करणारं सेटिंग, चालू करेपर्यंत ती बहुधा ४८०० सारख्या मूळ वेगावर राहते.

८ जीबी सोल्डर केलेली आणि स्लॉटमध्ये १६ जीबीची स्टिक, अशी विषम जोडी असेल तर सहसा पहिली १६ जीबी दुहेरी चालते आणि उरलेली ८ एकेरी. वाईट नाही, पण ‘२४ जीबी दुहेरी’ असं समजू नका.

आणि सर्वांत लोकप्रिय गैरसमज: बायोसमध्ये ग्राफिक्सची राखीव मेमरी ५१२ एमबीवरून ४ जीबी केली की वेग वाढतो. एरवी वाढत नाही, कारण रॅम तीच आहे आणि तिचा वेगही तोच. विंडोज गरज पडेल तशी सामायिक रॅम ग्राफिक्सला देतंच, साधारण एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत. काही गेम सुरू होताना राखीव मेमरीचा आकडा तपासतात आणि तो कमी दिसला तर अडतात. तेवढ्यासाठी हे सेटिंग बदलावं. पण ८ जीबीच्या मशीनमध्ये ४ राखून ठेवले तर विंडोजचाच श्वास कोंडेल.

तपासा: प्रत्येक मशीनपुढे जीबी प्रति सेकंदाचा आकडा लिहिला गेला का? रॅम सोल्डर केलेली असेल तर तो आकडा कायमचा आहे, अशी ठळक खूण करा.

## टप्पा ५: वॅट किती मिळतात ते शोधा

७८४०यू १५ ते ३० वॅटच्या टप्प्यात बसवता येतो, ७८४०एचएस ३५ ते ५४ च्या. दोन्हींतलं ग्राफिक्स ७८०एमच. आकडा ठरवतो लॅपटॉप बनवणारा, त्याच्या पंख्याच्या आणि जाडीच्या हिशेबाने. १५ वॅटवर गेम चालू असताना प्रोसेसरच्या कोअर्सनी निम्मी वीज खाल्ली की ग्राफिक्सचा क्लॉक खाली येतो. पंखा नसलेल्या किंवा अतिशय पातळ लॅपटॉपमध्ये पहिली पाच मिनिटं छान जातात, मग वेग घसरतो.

हा आकडा विक्रीच्या पानावर क्वचितच असतो. त्या नेमक्या लॅपटॉपच्या सविस्तर परीक्षणात सलग भाराखाली किती वॅट टिकले ते बघा. सुरुवातीच्या काही सेकंदांचा उंच आकडा सोडून द्या, स्थिरावलेला घ्या. आणि बॅटरीवर गेम खेळणार असाल तर चार्जर काढून घेतलेले आकडे वेगळे शोधा, कारण अनेक लॅपटॉप बॅटरीवर मर्यादा आणखी खाली आणतात.

डेस्कटॉपवाल्यांनी हा टप्पा सोडला तरी चालेल, डबा फारच छोटा नसेल तर.

## टप्पा ६: व्हिडिओ आणि पोर्ट

व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्समधला वेगळा भाग करतो. त्याचा फ्रेम्सच्या आकड्यांशी संबंध नाही. एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवायची एक नवी पद्धत) स्वरूपातला व्हिडिओ हार्डवेअरवर चालवायला आयरिस एक्सई, यूएचडी ७७०, ६८०एम आणि त्यानंतरची ग्राफिक्स चालतात. एएमडीच्या व्हेगाला ते जमत नाही, ॲपलमध्ये एम३ पासून ते आलं. एव्ही१ मध्ये रेकॉर्ड किंवा एक्स्पोर्ट करायचं असेल तर ७८०एम किंवा कोअर अल्ट्राच्या लॅपटॉप चिपपासून पुढे बघा.

कॅमेऱ्यातून एच.२६५ चं ४:२:२ १० बिट (रंगांची जास्त माहिती साठवणारं) फुटेज येत असेल तर इंटेलची ११वी पिढी आणि पुढचं ग्राफिक्स ते हार्डवेअरवर उलगडतं. अशा फुटेजसाठी गेममध्ये मागे पडणारी चिप एडिटिंगला पुढे निघू शकते. एडिटिंगवाल्यांना हा टप्पा आधी वाचायला सांगितला तो यासाठीच.

पोर्टचं थोडक्यात: एचडीएमआय १.४ वर ४के मॉनिटर ३० हर्ट्झवरच चालतो, ६० साठी २.० किंवा डिस्प्लेपोर्ट हवा. चिपला जमत असलं तरी बोर्डवर पोर्ट जुना असू शकतो. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही, माहितीच्या पानावर डिस्प्लेचा उल्लेख शोधा.

## टप्पा ७: आता चाचण्यांचे आकडे उघडा

आकडा वापरण्याआधी त्याच्यामागचं मशीन बघा. त्यातली रॅम आणि वॅट तुमच्या कागदाशी जुळतात का? जुळत नसतील तर तो आकडा दुसऱ्याच कॉम्प्युटरचा आहे.

थ्रीडीमार्क या चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकूण गुणांवर जाऊ नका, त्यात प्रोसेसरचे गुणही मिसळलेले असतात. ग्राफिक्सचे गुण वेगळे दिलेले असतात, ते घ्या. इंटिग्रेटेड ग्राफिक्ससाठी नाइट रेड ही चाचणी आहे. जोरदार चिपसाठी फायर स्ट्राइक किंवा स्टील नोमॅड लाइट. एका चाचणीचे गुण दुसरीच्या गुणांशी जुळवता येत नाहीत.

गेमचे फ्रेम्स बघताना तीन गोष्टी सारख्या हव्यात: रिझोल्यूशन, ग्राफिक्सची सेटिंग, आणि एफएसआर किंवा एक्सईएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी तंत्रं) बंद की चालू. ‘१०८० वर ६० फ्रेम्स’ असं लिहिलेलं असतं आणि आत गेम ७२० वर चालवून चित्र मोठं केलेलं असतं. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये कृत्रिम फ्रेम्स घालणं) चालू असेल तर तो आकडा तुलनेतून काढूनच टाका. सरासरीबरोबर सर्वांत खालच्या १ टक्क्याचा आकडाही बघा. सरासरी ५० आणि खालचा १८ असेल तर खेळताना धक्के बसतील. सरासरी ४२ आणि खालचा ३३ हे मशीन हाताला जास्त चांगलं वाटेल.

शेवटी तुमची स्क्रीन. २५६०×१६०० मध्ये १९२०×१०८० च्या जवळजवळ दुप्पट पिक्सेल असतात, २८८०×१८०० मध्ये अडीचपट. १०८० वर मिळालेले फ्रेम्स अशा स्क्रीनच्या पूर्ण रिझोल्यूशनवर मिळणार नाहीत. गेम खालच्या रिझोल्यूशनवर चालवायची तयारी ठेवा.

## टप्पा ८: मशीन हातात आल्यावर

परत करण्याची मुदत असेपर्यंत हे उरका, आणि याच क्रमाने. आधी विंडोज अपडेट, मग ग्राफिक्स ड्रायव्हर, मग बायोस अपडेट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसत असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही, कोणतीही चाचणी करण्यात अर्थ नाही.

मग टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग आणि वापरलेले स्लॉट बघा. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीच्या टॅबवर बिट मोजा. तिथे वेग निम्मा दिसतो, ३२०० ची रॅम १६०० दाखवते, त्याने घाबरू नका.

चार्जर लावा, विंडोजचा पॉवर मोड सर्वाधिक कामगिरीवर ठेवा, एचडब्ल्यूइन्फो (वॅट, क्लॉक, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि चाचणी सलग पंधरा-वीस मिनिटं फिरवा. पहिल्या आणि शेवटच्या फेरीची तुलना करा. थ्रीडीमार्कच्या स्ट्रेस टेस्टमध्ये २० फेऱ्या होतात आणि ९७ टक्के स्थिरता लागते. पातळ लॅपटॉप तिथे नापास झाला तर लगेच परत करू नका, पण शेवटच्या फेरीचाच आकडा आपला खरा आकडा धरा.

परीक्षणातल्या तशाच मशीनपेक्षा तुमचे गुण बरेच कमी आले तर या क्रमाने शोधा: चॅनेल एकच आहे का, रॅम मूळ वेगावर अडकली आहे का, पॉवर मोड खाली आहे का, वॅट परीक्षणातल्या आकड्यापर्यंत पोचतात का, तापमानामुळे क्लॉक पडतो का. हे पाचही ठीक असतील आणि गुण तरीही कमीच असतील, तर एचडब्ल्यूइन्फोची नोंद आणि चाचणीचा निकाल जतन करून ठेवा आणि तो पुरावा दाखवून मशीन बदलून मागा.